दंडावरच्या सेन्सरचे नऊ महिने : लेकीची शुगर आणि आमच्या रात्री

माझ्या लेकीला, चिऊला, गेल्या वर्षी मे महिन्यात टाइप वन डायबेटिस निघाला. तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. जुलैपासून तिच्या दंडावर ग्लुकोजचा सेन्सर आहे. आजपर्यंत २२ लावून झाले. एक साधारण ५,००० रुपयांना पडतो, म्हणजे आतापर्यंत एक लाख दहा हजार गेले, आणि आमच्या विम्यात यातलं काही बसत नाही. सेन्सर घ्यावा का, असं विचारणाऱ्या आईबापांसाठी हे लिहितेय. आकडा कितपत बरोबर येतो यावर वाचायला पुष्कळ मिळतं. तो आकडा घरात आला की आईबापांचं काय होतं, ते मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

आधी थोडं मागचं. मे महिना, साताऱ्याचा उन्हाळा, त्यामुळे पोर पाणी फार पिते याचं काही वाटलं नाही. कधीच सुटलेली गादी ओली करायची सवय परत लागली, तेव्हा लघवीच्या इन्फेक्शनचं औषध आठवडाभर चाललं. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला, तरी मी म्हटलं, उन्हानं उतरलीय. मग एका पहाटे उलट्या आणि धाप. पुण्याला पोचेपर्यंत शुगर पाचशेच्या वर, रक्तात आम्ल वाढलेलं. चार दिवस आयसीयू. डॉक्टरांनी दोनदा समजावलं, की शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते, तुमच्या खाऊ घालण्याचा याच्याशी संबंध नाही. मी मान हलवली. घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "आमरस जास्त झाला का गं?" आणि त्या दोनदा समजावण्यावर पाणी पडलं. तो आठवडाभराचा उशीर माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

सेन्सर आम्ही घेतला तो तिच्या बोटांसाठी. दिवसाला आठ-नऊ वेळा बोट टोचायचं, वर चार इंजेक्शनं. टोचणीच्या डबीची चेन वाजली की ती दोन्ही मुठी फ्रॉकमध्ये लपवायची. एकदा झोपेत बोट धरलं तर डोळे न उघडता म्हणाली, "हे नको, हे कालचं आहे." त्या एका गोष्टीसाठी पैसे वसूल झाले असं मी बिनशर्त सांगेन. आता टोचणं दिवसाला एक-दोनवर आलंय आणि मुठी उघड्या असतात.

आमचा सेन्सर १४ दिवस चालतो. दंडाच्या मागच्या बाजूला लावायचा, तासाभरानं तो बोलायला लागतो. फोन टेकवला की आकडा, शेजारी शुगर चढतेय की उतरतेय ते दाखवणारा बाण. शुगर खाली किंवा वर गेली की फोन अलार्म देतो. पहिल्या संध्याकाळी मी भाकरी थापतानाही मध्येच पिठाच्या हातानं फोन टेकवून येत होते. दिवसाला सरासरी किती वेळा बघितलं हेही अ‍ॅप सांगतं. माझा पहिल्या आठवड्याचा आकडा ६३ होता. आधी भीती टोचणीच्या वेळेपुरती असायची, आता ती खिशात घेऊन फिरायला लागले.

ऑगस्टमधली एक रात्र. तीन वाजून गेलेले, अलार्म वाजला, ५८, म्हणजे सत्तरच्याही खाली, आणि बाण खाली. आम्ही दोघं धडपडत उठलो, चिऊला बसतं केलं, ग्लुकोजचं पाणी पाजलं. दहा मिनिटांनी पुन्हा बघितलं तर ६१. परत पाजलं. ती रडत होती, "मला भूक नाही" म्हणत होती, आणि मी ओरडले तिच्यावर. सकाळी २९०. खरा प्रकार डॉक्टरांकडे गेल्यावर कळला. ती त्याच दंडावर झोपली होती. दाब पडला की सेन्सर खोटा आकडा खाली दाखवतो. शिवाय तो रक्तातली शुगर मोजतच नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो, त्यामुळे पाच-दहा मिनिटं मागे असतो. खरी शुगर खाली गेली आणि साखर दिली, तरी तो काही वेळ खालचाच आकडा धरून बसतो, आणि घाबरलेले आईबाप देतच राहतात. तेव्हापासून रात्री अलार्म वाजला की आधी तिला कुशीवरून वळवायचं आणि बोटाची तपासणी करायची. ग्लुकोमीटर कपाटात टाकू नका, उशाशी ठेवा.

पण मला त्या रात्रीतलं टोचतं ते माझं ओरडणं. पाच वर्षांच्या मुलीचं म्हणणं खरं होतं आणि मी यंत्राचं ऐकलं.

त्यातच हा आकडा आम्ही प्रेमापोटी सगळ्यांना जोडून दिला होता. नवऱ्याच्या फोनवर, सासूबाईंच्या फोनवर, बंगळूरला माझ्या भावाच्या फोनवर. भाऊ ऑफिसातून फोन करायचा, "ताई, २४० झालीय, काय दिलंस?" त्याचा जीव तुटायचा, मला कळायचं. मला मात्र परीक्षेत कुणी मागे उभं राहून पेपर बघतंय असं वाटायचं. नवरा आणि मी सकाळी एकमेकांना विचारायचो ते "झोपलीस का" नव्हे, "रात्री किती होती". ऑक्टोबरमध्ये आमचं कडाक्याचं भांडण झालं, इन्सुलिनच्या अर्ध्या युनिटावरून. इंजेक्शनच्या पेनमधलं ते अर्धं युनिट त्यानं जास्त दिलं म्हणून मी दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. अ‍ॅपमधल्या आलेखात शुगर त्या दिवशी सरळ रेषेत होती.

आणि मग चिऊ. शाळेतून आली, दप्तर टाकलं, दंड माझ्यापुढे केला आणि विचारलं, "आज मी चांगली आहे ना?" ती शुगरबद्दल विचारत होती. आम्हीच तर दिवसभर म्हणायचो, "वा, चांगली आहे," "अरे देवा, वाईट आहे." तिनं 'शुगर' हा शब्द गाळून ऐकलं होतं.

दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंकडे मी तोवर जायला टाळत होते, मला काय वेड लागलंय का म्हणून. त्यांनी पहिल्याच भेटीत आमच्या घरातले दोन शब्द काढून घेतले, चांगली आणि वाईट. आता शुगर वर असते, खाली असते किंवा मधे असते. दुसरं म्हणजे, ती घरी आली की आधी तिच्याशी बोलायचं, मग फोन टेकवायचा. ऐकायला किती सोपं! पहिले पंधरा दिवस हात आपोआप खिशाकडे जायचा. तिसरं, रात्री वाटून घ्यायच्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार माझे, बाकीचे नवऱ्याचे, आणि ज्याची रात्र नाही त्याच्या खोलीत फोन न्यायचा नाही. पहिल्या सुट्टीच्या रात्री मी जागीच होते, भिंतीपलीकडे कान लावून. डिसेंबरात कधीतरी सलग सहा तास झोपले, तेव्हा सकाळी उठून मला रडू आलं. भावाला आणि सासूबाईंना यादीतून काढलं. भाऊ दुखावला, पण आता फोन करून चिऊशी मांजराबद्दल बोलतो.

एका गोष्टीची कल्पना आधीच असू द्या. निदानानंतर काही महिने बऱ्याच मुलांना इन्सुलिन अगदी कमी लागतं, उरलेल्या पेशी थोडं काम करतात. डॉक्टर त्याला हनिमून म्हणतात. आमच्याकडे सासूबाईंनी औंधच्या यमाईला नवस बोलला होता आणि सप्टेंबरात रेषा इतकी सपाट झाली, की माझ्याही मनात पाल चुकचुकली, निदानच चुकलं असेल का? नोव्हेंबरात तेच जेवण, तोच डोस आणि रेषा जिन्यासारखी वर. सेन्सरमुळे ते संपताना आम्ही डोळ्यांनी बघितलं. मे महिन्यापेक्षा मला ते जड गेलं. त्या दिवसांत मी लिओनार्ड थॉम्पसनबद्दल वाचलं. टोरांटोतला चौदा वर्षांचा मुलगा, जानेवारी १९२२ मध्ये इन्सुलिन मिळालेला पहिला रुग्ण. पहिलं इंजेक्शन नीट लागू पडलं नाही, बारा दिवसांनी जास्त शुद्ध केलेलं दिलं, तेव्हा शुगर उतरली. त्याच्या आधी अशा मुलांना उपाशी ठेवून आयुष्याचे थोडे दिवस वाढवत असत. फ्रीजच्या दारातल्या पेनकडे त्यानंतर मी निराळ्या नजरेनं बघते.

व्यवहाराचं चटकन सांगते. २२ पैकी तीन सेन्सर मुदतीआधी गेले. एक दाराच्या चौकटीला अडकून, एक दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला, कारण तेलानं चिकटपट्टी सुटते, आणि एक खणाच्या पोलक्याची घट्ट बाही काढताना. त्या दिवशी ती हळदीकुंकवाला नटली होती, रक्त आलं, आणि तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरले. बाही सैल शिवून घ्या. उन्हाळ्यात कातडी लाल होते, म्हणून दंड आलटून पालटून. शाळेत आधी फोन ठेवायला नकार मिळाला होता, मग तिथल्या सेविका मावशींनी तो आपणहून पदराला बांधला. आज मधल्या सुट्टीत चिऊचा बाण कुठे आहे हे त्या माझ्याआधी सांगतात. इन्सुलिनचा डोस ठरवायला मी पोळीची कणीक वजन करते, ३० ग्रॅम पिठाच्या पोळीत साधारण २० ग्रॅम कर्बोदकं. गणपतीत तिनं उकडीचा मोदक खाल्ला, आधी इन्सुलिन देऊन, सगळ्यांच्या पंगतीत बसून.

शुगर ७० ते १८० च्या मधे राहण्याचं प्रमाण पहिल्या महिन्यात ४६ टक्के होतं, मार्चमध्ये ६४. ते सत्तर टक्क्यांच्या पुढे न्यायचंय. मी आता दिवसाला १८ वेळा बघते.

येत्या मे महिन्यात तिला दोन रात्री आजीकडे राहायचंय, तिनं स्वतःच मागितलंय. सासूबाई पेनचं चाक फिरवायला शिकल्यात, चष्मा लावून अर्धं युनिटही बरोबर मोजतात, बोटाची तपासणी त्यांनी स्वतःच्या बोटावर करून बघितली. त्या दोन रात्री चिऊचा आकडा माझ्या फोनवर येऊ द्यायचा की नाही, यावर आम्हा दोघांचं अजून ठरत नाहीये.