लेथच्या किटमध्ये मोटर कोणती द्यावी: ओपन-लूप की क्लोज्ड-लूप?

छोट्या लेथसाठी इलेक्ट्रॉनिक लीडस्क्रूची (टूल सरकवणारा लांब स्क्रू गियरऐवजी मोटरने, स्पिंडलच्या फिरण्याशी जुळवून फिरवणारी) किटं बनवून विकायची म्हटलं, की बोर्ड आणि डिस्प्ले फार अडवत नाहीत. स्पिंडलला 600 किंवा 1024 पल्सचा एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) लावा, इंच-मिमी आट्यांची अदलाबदल करणाऱ्या 127 दात्यांच्या गियरला रजा द्या, झालं. गाडी अडते ती मोटरपाशी. ही स्टेपर मोटर, म्हणजे ठरावीक टप्प्यांनी (स्टेप) फिरणारी. ओपन-लूप असेल तर सांगितलेल्या स्टेप नुसत्या टाकते, चुकली तरी ड्रायव्हरला कळत नाही; क्लोज्ड-लूपच्या मागे स्वतःचा एन्कोडर असतो, तो मोटर कुठे आहे ते ड्रायव्हरला सांगतो. मी दोन्ही प्रकारची किटं विकली आहेत, म्हणून लिहितोय.

ओपन-लूपची बाजू भक्कम आहे, हे आधीच सांगतो. नेमा 23 मापाची मोटर, ड्रायव्हर (मोटरला करंट पुरवणारा बोर्ड), सप्लाय, सगळं लॅमिंग्टन रोडला एका फेरीत होतं. गिऱ्हाइकाचा ड्रायव्हर जळला तर “तेवढ्याच करंटचा कुठलाही आणा, चालेल” असं बिनधास्त सांगता येतं. क्लोज्ड-लूपमध्ये मोटर आणि ड्रायव्हरची जोडीच घ्यावी लागते; एकाची मोटर दुसऱ्याच्या ड्रायव्हरवर चालेलच असं नाही. मोटर मागून लांब, त्यामुळे गियर कव्हरपाशी जागा पुरत नाही. एक केबल जास्त, आणि मुंबईच्या पावसाळ्यात जादा कनेक्टर म्हणजे गंजायला जादा जागा. किंमत तर चढतेच.

तरीही माझं मत फिरलं ते एका कटकटीमुळे. आटे पाडताना मधल्याच एखाद्या पासला कीस अडकतो किंवा गिब (टूल वाहणाऱ्या कॅरेजची फट घट्ट करणारी पट्टी) आवळलेली असते, आणि स्टेपर चुकते. चुकली की ती सहसा चार फुल स्टेपच्या पटीत मागे राहते, म्हणजे 200 स्टेपच्या मोटरला 7.2 अंश. लीडस्क्रू 2 मिमीचा आणि थेट जोडलेला असेल तर 0.04 मिमी. डोळ्याला कळत नाही, दरवेळी आवाजही येत नाही. असं काही वेळा साचलं की टूल जुन्या आट्याच्या अंगावर चढतं आणि एक बाजू तासून काढतं. मग व्हॉट्सॲपवर फोटो येतो: “दादा, आटे डबल पडले. बोर्ड चुकतोय का?” एन्कोडरचा पट्टा घसरला, हाफ नट (कॅरेजला लीडस्क्रूशी जोडणारी) नीट बसली नाही, केबलचं शील्ड अर्थ केलं नाही, ड्रायव्हरचा करंट कमी ठेवला, कारण कुठलंही असो, फोटो साधारण तसाच. साकीनाक्याचा गाळा असेल तर जाऊन बघता येतं. कोल्हापूरच्या माणसाला फोनवर काय विचारणार?

क्लोज्ड-लूप थोडी मागे पडली तर स्वतःच भरून काढते, आणि फारच मागे पडली तर ड्रायव्हर अलार्म देतो. निदान मोटर चुकली की नाही, एवढं तरी लगेच कळतं. मात्र अलार्मची वायर बोर्डापर्यंत आणा आणि खणखणीत बझर द्या. अलार्मला मोटर सुटते, पण स्पिंडल फिरतच राहतो. टूल मागे घ्यायला माणसाला कळलं पाहिजे. ती वायर जोडली नाही तर जादा पैशातले निम्मे पाण्यात.

अर्थात तिने जोर वाढत नाही. घट्ट कॅरेज घट्टच राहणार. ज्यांना फक्त ऑटो फीड हवं, आटे क्वचितच, त्यांना ओपन-लूप पुरेल असं मला वाटतं. माझ्याकडे आता ती मागितली तरच मिळते, आणि तेव्हा ड्रायव्हरला झेपत असेल तर 24 ऐवजी 36 व्होल्टचा सप्लाय घालतो, कारण 24 वर वेग वाढला की जोर लवकर उतरतो.