डिझेलचा पाईप: चिरलेला तेवढाच बदलायचा की सगळे?

ऊसवाहतुकीच्या हंगामात, माजलगावकडे, ट्रक सकाळी स्टार्ट व्हायला त्रास देऊ लागला. खाली डिझेलचा थेंबही नाही. टाकीकडून फीड पंपाकडे (टाकीतलं डिझेल ओढणारा पंप) येणारा रबरी पाईप वाकवून पाहिला, तर क्लिपजवळ केसाएवढ्या चिरा. तिथूनच हवा ओढत होता.

चिरलेला तेवढाच बदलला तर काम पटकन उरकतं, पैसेही थोडे लागतात. भरल्या खेपेत तेच करावं. पण बाकीचे पाईपही त्याच वयाचे, आपल्याकडच्या उन्हात तसेच कडक झालेले. म्हणून खेप उतरली की मी रिटर्नसकट (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा पाईप) सगळे बदलतो, क्लिपाही नव्या. हँड प्रायमर (डिझेल ओढायचा छोटा हातपंप) मारून हवा एकदाच काढायची.

पाण्याचा पाईप कापून मात्र लावू नका, डिझेलसाठीचा नायट्राइल रबराचाच घ्या. इंजेक्शन पंप (नोझलला जोराच्या दाबाने डिझेल देणारा) ते नोझल (इंजिनात डिझेल फवारणारं) लोखंडी पाईप, तिथे रबर चालतच नाही.