डेअरडेव्हिल : स्वतःच्याच अशिलाला बडवणारा वकील

(पुढे कथानकातली बरीच गुपितं उघड होतात. कोऱ्या पाटीने पाहायचं असेल तर आधी निदान पहिला सीझन उरकून घ्या.)

‘डेअरडेव्हिल’ या अमेरिकन मालिकेतली खरी मारामारी कॉरिडॉरमध्ये नाही, वकिलाच्या टेबलावर होते. पहिल्या सीझनचा तिसरा भाग पाहा. बोलिंगच्या चेंडूने एकाचं डोकं ठेचलेला हीली नावाचा मारेकरी नेल्सन आणि मर्डॉक या दोन होतकरू वकिलांच्या पदरात पडतो. फी भरणारा सुटाबुटातला वेस्ली आपला मालक कोण हे सांगत नाही. अंध मॅट मर्डॉकला समोरच्याच्या छातीचे ठोके ऐकू येतात, त्यामुळे स्वसंरक्षणाचा बचाव खोटा आहे हे त्याला कळलेलं असतं. तरी वेस्लीमागे कोण आहे हे शोधण्यासाठी तो केस घेतो आणि स्वतः समारोपाचं भाषण करतो. ज्यूरीचं एकमत होत नाही, हीली सुटतो. मग मॅट मुखवटा चढवून त्याच हीलीला रस्त्यात गाठतो आणि मारमारून वेस्लीच्या मालकाचं, म्हणजे गुन्हेगारी सम्राट विल्सन फिस्कचं, नाव वदवून घेतो.

यातल्या पहिल्या अर्ध्याला कुणी बोट लावू शकणार नाही. अशील दोषी आहे असं स्वतःचं मत असलं तरी त्याचा बचाव निर्भयपणे करावा, हे आपल्या बार कौन्सिलची आचारसंहिताही सांगते. दुसऱ्या अर्ध्याचं काय? वकील-अशील गोपनीयतेचं कलम (जुन्या पुरावा कायद्यात १२६, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात १३२) इथे तांत्रिकदृष्ट्या मोडतं का, यावर वाद घालता येईल, कारण नाव वदवतो तो मुखवटेवाला, वकील नव्हे. पण किल्ला कोर्टातल्या एखाद्या वकिलाने असं केलं आणि ते उघडकीला आलं, तर सनद राहणार नाही. मालिकेची सगळी गंमत या फटीत आहे : दिवसा कायद्याची शपथ, रात्री कायद्याचं नरडं, आणि दोन्हीकडे तोच माणूस प्रामाणिक. (ज्यूरीचा घोळ मुंबईकरांना नवा नाही. नानावटी खटल्यात १९५९ मध्ये ज्यूरीने ८ विरुद्ध १ असा निर्दोषत्वाचा कौल दिला, सत्र न्यायाधीशांना तो पटला नाही आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं.)

पहिल्या सीझनचं उपकथानक तर गिरगाव-लालबागकडच्या माणसाने डोळे झाकून ओळखावं असं आहे. एलेना कार्देनास ही म्हातारी भाडे नियंत्रणातल्या जुन्या इमारतीत राहते. मालकाला इमारत रिकामी हवी आहे. तो दुरुस्तीच्या नावाखाली माणसं पाठवतो आणि ती माणसं नळ-भिंती फोडून जातात. पागडीच्या घरात पाणी तोडणं, जिना अर्धवट सोडणं, मग पैशांचं पाकीट पुढे करणं हा क्रम इथे सांगायला नको. आपल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात अत्यावश्यक सुविधा तोडण्याला बंदी आहे आणि भाडेकरू त्याविरुद्ध न्यायालयात जाऊ शकतो. मॅटचा भागीदार फॉगी नेल्सन असाच कोर्टाचा सरळ मार्ग धरतो. मॅट रात्रीचा मार्ग धरतो. एलेनाचा खून होतो, आणि तोही मुखवटेवाल्याला बाहेर काढण्यासाठी फिस्कने टाकलेला गळ म्हणून. म्हणजे मॅटने मुखवटा घातला नसता तर? मालिका उत्तर देत नाही, आणि देत नाही तेच बरं.

दहावा भाग पहिल्या सीझनचा कळस. त्यात मारामारी नावापुरती, बाकी जखमी मॅट सोफ्यावर आणि समोर फॉगी. फॉगीला बोचतं ते मित्राने मारामाऱ्या केल्या हे नाही. कॉलेजपासून आपलं प्रत्येक खोटं याला ठोक्यांवरून कळत होतं आणि आपल्याला याच्याबद्दल काहीच कळत नव्हतं, हे बोचतं. फॉगी झालेल्या एल्डन हेन्सनचं काम इथे मॅट झालेल्या चार्ली कॉक्सपेक्षा वरचं आहे. त्यांच्या ऑफिसात काम करणाऱ्या कॅरेनची बाजूही जोडून पाहा. ती वेस्लीला गोळ्या घालते आणि ते लपवते. हा हिशेब तिसऱ्या सीझनपर्यंत चुकता होत नाही.

दुसरा सीझन अर्धा सोनं, अर्धा पितळ. गच्चीवर पनिशर (गुन्हेगारांना ठार मारत सुटलेला फ्रँक कॅसल) मॅटला साखळदंडाने बांधतो, हाताला एका गोळीचं पिस्तूल चिकटवतो आणि पर्याय देतो : मला मार, नाहीतर मी समोरच्या गुन्हेगाराला मारतो. जॉन बर्नथॉल आणि कॉक्स यांची ही जुगलबंदी पुन्हा पाहण्यासारखी. पुढे कॅसलच्या खटल्यात सुरुवातीच्या भाषणाला मॅट पोचतच नाही, ऐनवेळी फॉगीला उभं राहावं लागतं. दोन दगडांवर पाय ठेवलेल्या माणसामुळे खड्ड्यात कोण पडतं, ते इथे दिसतं. मात्र मॅटची जुनी प्रेयसी इलेक्ट्रा आणि ‘हँड’ या गुप्त टोळीच्या निन्जांची भानगड सुरू झाली की नैतिक पेच बाजूला पडतो आणि उरतो तो तलवारींचा खणखणाट.

तिसरा सीझन सगळ्यात सरस, तो रे नदीममुळे. भारतीय वंशाचा हा एफबीआय अधिकारी (जय अली) वाईट नाही, कर्जात आहे. वहिनीच्या आजारपणाचा खर्च, त्यामुळे खराब झालेली पत, पत खराब म्हणून अडकलेली बढती. बायको-वहिनी-आई सांभाळणारा कमावता मुलगा आपल्याकडे घरोघरी असतो, म्हणून हा चटका जास्त बसतो. फिस्क त्याला लाच देत नाही, आधी गुन्हेगारांची माहिती देतो, मान मिळवून देतो आणि मग फास आवळतो. कुंपणच शेत खात असताना आतल्या एका प्रामाणिक माणसाचं काय होतं, ते टप्प्याटप्प्याने आणि घाई न करता दाखवलं आहे. मरण्याआधी तो व्हिडिओत सगळं कबूल करतो आणि त्याला मृत्युपूर्व जबाब म्हणून वजन येतं.

इथे लेखकांनी कायदा थोडा ताणला आहे. अमेरिकेत असा जबाब देणाऱ्याला मरण समोर दिसत असावं लागतं. आपल्याकडे ती अट नाही. पण दोन्हीकडे जबाब ग्राह्य धरला जातो तो मृत्यूचं कारण आणि त्याला कारणीभूत परिस्थिती एवढ्यापुरता. फिस्कचा सगळा कारभार त्यात बसवायचा तर बचाव पक्षाचा वकील पहिल्या मिनिटाला हरकत घेईल. नाट्य म्हणून मात्र चोख.

पाहण्याचा क्रम चुकवू नका : पहिला सीझन, दुसरा, मग ‘द डिफेंडर्स’ या मॅट असलेल्या जोडमालिकेचे ८ भाग, मग तिसरा. मधले ८ कंटाळवाणे आहेत, पण ते गाळले तर तिसऱ्याच्या सुरुवातीला मॅट इतका मोडलेला का, हे कळणार नाही. तीन सीझनचे प्रत्येकी १३, एकूण ३९ भाग. प्रत्येकात दोन-तीन कमी चालले असते. सध्या सगळं जिओहॉटस्टारवर आहे. चर्चगेट-विरार लोकलमध्ये मोबाइलवर पाहण्याची ही मालिका नव्हे, कारण निम्मी दृश्यं काळोखात आहेत आणि खिडकीच्या उजेडात स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा दिसतो. टीव्हीवर ‘व्हिव्हिड’ऐवजी ‘सिनेमा’ मोड लावा आणि मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सेटिंग) बंद करा. ते सुरू राहिलं तर तिसऱ्या सीझनमधली तुरुंगातली सलग, न तोडलेली मारामारी दुपारच्या मालिकेसारखी दिसते. हेडफोन हवेतच, मॅटचं जग आवाजाचं आहे. मुलांना दूर ठेवा. पहिल्या सीझनच्या चौथ्या भागात फिस्क गाडीच्या दाराने जे करतो ते मोठ्यांनाही जड जातं.

२०२५ मध्ये आलेला ‘डेअरडेव्हिल : बॉर्न अगेन’चा ९ भागांचा पहिला सीझन याच्या पुढचा. फिस्क आता महापौर आहे, ही कल्पना दमदार. पण पहिल्याच भागात फॉगी जातो, आणि मॅटला ‘तू चुकतोयस’ असं तोंडावर सांगणारा हक्काचा माणूसच उरत नाही. ती जागा नंतर आलेली कुठलीच पात्रं भरू शकलेली नाहीत.