बंबांची देखभाल: पालिकेचं वर्कशॉप की वार्षिक करार?

दोन-तीन बंब, एक जीप आणि मोजके फायरमन असलेल्या नगरपरिषदेपुढे बजेटच्या वेळी हा प्रश्न येतोच. मोठ्या महापालिकेच्या दलाला स्वतःचं वर्कशॉप परवडतं, कारण तिथे मेकॅनिकच्या हाताला रोज काम असतं. तीन गाड्यांसाठी फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन अशी पदं मंजूर करून घेणंच कठीण. मंजूर झाली तरी तो फिटर पाणीपुरवठ्याच्या मोटारींवर अडकतो.

म्हणून छोट्या पालिकेचा कल कराराकडे असतो, आणि चॅसिसपुरता, म्हणजे इंजिन-चाकांसह मूळ गाडीपुरता, तो योग्यच आहे. इंजिन, क्लच, ब्रेकचे अस्सल सुटे भाग आणि तपासणीचा स्कॅनर अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे खात्रीने मिळतो. बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) इंजिनात तर बाहेरच्या माणसाला हात घालू देऊ नये. फक्त सर्व्हिसची वेळ किलोमीटरवर ठरवू नका. बंब फार पळत नाही, पण आगीच्या ठिकाणी उभ्या जागी तासन्‌तास इंजिनावर पंप चालवतो. ऑइल बदलायचं ते इंजिनाच्या तासांवर. अवर मीटर नसेल तर लॉगबुकात पंपिंगची वेळ वेगळी लिहायला लावा.

खरं भांडण पीटीओवर होतं. चॅसिस एका कंपनीचं, टाकी-बॉडी दुसऱ्याची, पंप बहुधा तिसऱ्याचा. आणि इंजिनाची ताकद पंपाकडे वळवणारा पीटीओ या सगळ्यांच्या मधे. तो बिघडला की सर्व्हिस सेंटर बॉडीवाल्याकडे बोट दाखवतं, बॉडीवाला सर्व्हिस सेंटरकडे, आणि गाडी स्टेशनात उभी. त्यामुळे निविदेतच पीटीओ, पंप, प्रायमर (पंपातली हवा काढून पाणी वर ओढून घेणारं साधन) अशी नावं घालून जबाबदारी एकाच ठेकेदारावर टाका. मेकॅनिक किती तासांत स्टेशनवर पोहोचेल आणि न पोहोचल्यास दंड किती, हेही लिहून घ्या.

पंपाची रोजची तपासणी मात्र कुठल्याही करारात देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. सक्शनचं, म्हणजे पंप पाणी ओढतो त्या बाजूचं, तोंड झाकणाने घट्ट बंद करायचं, प्रायमर चालवायचा, व्हॅक्यूम गेजचा काटा चढला की प्रायमर थांबवून मिनिटभर काट्यावर नजर ठेवायची. काटा भरभर उतरला तर कुठूनतरी हवा शिरतेय: बऱ्याचदा कपलिंगमधला रबरी वॉशर, नाहीतर पंपाचं ग्लँड (फिरत्या दांड्याभोवतीची गळतीरोधक जागा). वॉशर किरकोळ किमतीचा, पण तो गेलेला असेल तर विहिरीवर लावलेला बंब पाणी उचलत नाही आणि टाकी रिकामी झाली की जवान नोझल धरून नुसते उभे राहतात. ठेकेदाराचा माणूस महिन्यातून एकदा येणार, आगीची वर्दी आज रात्री येऊ शकते. हे काम यंत्रचालकाचंच. फोम वापरल्यावर पंप साध्या पाण्याने धुणं आणि होज वाळवून ठेवणंही त्यातच आलं.

श्वसनसंचांचे सिलिंडर दोन्ही पर्यायांत बाहेरच जाणार, कारण त्यांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने घेतलेली मजबुतीची चाचणी) मान्यताप्राप्त केंद्रातच होते. दाब रोज बघायचा तो आपण.

थोडक्या गाड्या असतील तर चॅसिस करारावर आणि पंप आपल्या हातात, ही विभागणी मला सर्वांत भरवशाची वाटते. ताफा मोठा असेल आणि पालिकेचं परिवहन वर्कशॉप आधीच चालू असेल, तर त्यातच अग्निशमनासाठी वेगळा मेकॅनिक आणि सुट्या भागांचा साठा ठेवा.

करारावर सही करण्याआधी प्रत्येक बंबाची नोंदणीची तारीख बघा. 15 वर्षांपेक्षा जुन्या सरकारी आणि पालिकांच्या गाड्यांची नोंदणी वाढवून न देण्याचा केंद्राचा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. मुदत जवळ आलेल्या गाडीचा पंप उघडून मोठा खर्च करण्याऐवजी नव्या बंबाचा प्रस्ताव आधी पाठवा.