भीमथडीत घेतलेली कोल्हापुरी, एकदम पैसा वसूल

पुण्यात डिसेंबरमध्ये कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर भीमथडी जत्रा भरते, बारामतीचा अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट भरवतो, तिथून कापशी प्रकारची कोल्हापुरी चप्पल घेतली त्याचा हा रिव्ह्यू. चप्पल मस्तच आहे. पण मला जास्त सांगायचंय ते ती करणाऱ्याच्या हातून घेतली याबद्दल.

स्टॉलवर काका-काकू दोघंच. काकू बसल्या बसल्या चामड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी घालत होत्या, हात एवढा सरावाचा की गिऱ्हाइकाशी बोलताना खाली बघायचं पण नाही. मी विचारलं ओरिजिनल कशी ओळखायची, तर काकांनी लगेच चप्पल उलटी करून दाखवली, खिळा नाही, सगळी शिलाई चामड्याच्याच वादीने, आणि चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं. वास घेऊन बघा म्हणाले, केमिकलचा उग्र वास येत नाही. माझा पाय पुढून रुंद, रेडीमेडमध्ये अंगठा कायम आवळतो, ते त्यांनी बघितलं आणि तिथल्या तिथे चपलेचा अंगठा सैल करून दिला. "दोन-चार दिस खोबरेल लावा ताई, आपोआप मऊ हुतंय, फकस्त पावसात घालू नका." हे शोरूममध्ये कोण सांगणार?

किंमत १,४०० रुपये. मागे एक बाई ७०० ला मागत होत्या, मला खरंच वाईट वाटलं. अहो समोर बसून हाताने करतायत, त्यांच्याशी कसली घासाघीस! मॉलमध्ये टॅगवरची किंमत आपण गपचूप देतोच ना. २०१९ ला कोल्हापुरीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे, पण रस्त्यावर कोल्हापुरी म्हणून मशीनवरचा रेक्झिनचा माल सर्रास विकला जातो आणि तो स्वस्त म्हणून आपणच उचलतो. २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन ब्रँडने मिलानच्या शोमध्ये तसल्याच चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता, तेव्हा आपण सगळे चिडलो, बरोबरच होतं, पण त्या चिडलेल्यांपैकी किती जणांच्या पायात कारागिराकडून घेतलेली जोडी आहे? स्टॉलवर विक्री झाली नाही तर त्यांची मुलं हे काम का शिकतील, सांगा.

चप्पल आता पायात छान बसलीय. सुरुवातीला टाचेला थोडी लागली, तेल लावल्यावर थांबलं. करकर आवाज येतो, मला आवडतो, ऑफिसला घालणार असाल तर बिनआवाजाची मागून घ्या, करतात ते.

जत्रेत जेवणात खापरावरचे मांडे चुकवू नका, बायका पोळी हातावर फिरवत फिरवत एवढी मोठी करतात की बघत राहावं. शनिवार-रविवारी तोबा गर्दी, साइज पण संपतात, म्हणून मधल्या वारी सकाळी जा. आणि काकांसारख्यांचा नंबर घेऊन ठेवा, वादी तुटली तर दुरुस्ती करून देतात आणि पायाचं माप कागदावर काढून पाठवलं की नवीन जोड कुरियरने पण येतो.