अतिनील ताण मोजायचा कशाने: स्पॅड, फ्लुरोमीटर की मिथेनॉलची बाटली?

पुण्यात 14 मेच्या आसपास भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या आठवड्यात शेडनेटखालचा कोलियस (रंगीत पानांचं शोभेचं झाड) उघड्यावर काढलात तर पानं भाजणारच. पण ती अतिनीलनं भाजली की नुसत्या उन्हातापानं? हे कळायला आधी फिल्म हवी, मीटर नंतर. निम्म्या कुंड्यांवर पॉलिएस्टरची फिल्म (यूव्ही-बी, म्हणजे अतिनीलचा पानाला जास्त इजा करणारा पट्टा, अडवते), निम्म्यांवर सेल्युलोज अ‍ॅसिटेटची (यूव्ही-बी बरंचसं आत सोडते). एवढं केलं नाहीत तर कुठलंही यंत्र घ्या, उत्तर मिळणार नाही.

स्पॅड मीटर सगळ्यात सुटसुटीत: पान चिमटीत धरा, आकडा तयार. पण तो 650 आणि 940 नॅनोमीटरच्या प्रकाशावरून हिरवेपणा मोजतो, अतिनीलशी त्याचा थेट संबंध नाही. कोलियसच्या चट्ट्यापट्ट्यांच्या पानावर बोटभर सरकलात की आकडा बदलतो. माझ्या मते शोभेच्या झाडांसाठी ही खरेदी वायाच.

फ्लुरोमीटरचं तसं नाही. पानातलं हरितद्रव्य प्रकाश घेऊन किती मंद प्रकाश परत फेकतं, ते तो मोजतो. क्लिप लावून पान 20 ते 30 मिनिटं अंधारात ठेवायचं, मग एफव्ही/एफएम (प्रकाशसंश्लेषण किती नीट चाललंय ते सांगणारं गुणोत्तर) घ्यायचं. निरोगी पानाला 0.83च्या आसपास येतं. ते घसरलं तर प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा दमली आहे. मात्र दुपारच्या साध्या कडक उन्हानंही ते घसरतं, म्हणून उजाडायच्या आत मोजायला जावं लागतं. शिवाय अतिनील बेताचं असेल तर हा आकडा ढिम्म हलत नाही, आणि तोवर पानानं स्वतःचं सनस्क्रीन बनवायला सुरुवातही केलेली असते.

ते सनस्क्रीन, म्हणजे पानाच्या पातळ सालीतली फ्लेव्होनॉइडं (अतिनील शोषणारी द्रव्यं), मोजायची तर तिसरी वाट, मिथेनॉलची बाटली. पंचनं पानाची चकती काढा. 79 भाग मिथेनॉल, 20 पाणी, 1 हायड्रोक्लोरिक आम्ल या मिश्रणात रात्रभर फ्रिजमध्ये, अंधारात ठेवा. सकाळी स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रावर) 300 ते 330 नॅनोमीटरला शोषण बघा आणि चकतीच्या क्षेत्रफळानं भागा. क्युव्हेट (यंत्रात द्रावण ठेवायची छोटी कुपी) क्वार्ट्झचाच हवा. मी आठवडाभर साध्या काचेचा वापरला. ती काचच अतिनील गिळते, सगळे आकडे फेकून द्यावे लागले.

कॉलेजात स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर बेलाशक हीच पद्धत घ्या. नर्सरीवाले असाल, तर विकायच्या रोपाला भोक पाडणं परवडणार नाही; तुम्ही फ्लुरोमीटर आठवडाभर मागून आणा आणि पहाटेचा गजर लावा.