बारावीत फिजिक्स राहिलं: घरी बसून पेपर काढायचा की आयटीआय लावायचा?

निकाल लागून आठवडा झाला नसेल, तर आधी एक काम उरका. मार्क थोडक्यात गेले असतील तर उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवा. ती घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येत नाही, आणि मुदत हां हां म्हणता सरते. मला तो विचार करावाच लागला नाही. फिजिक्सला ७० पैकी ९ होते.

दुःखाचं म्हणाल तर ते मृगापर्यंत टिकतं. मे महिन्यात पानठेल्यावरचा प्रत्येक माणूस टक्के विचारतो. जूनमध्ये सोयाबीन उगवलं, का दुबार पेरावं लागतं, यातून कोणाला डोकं वर काढायला सवड नसते. तोवर तोंड चुकवलं तरी चालतं. मी चुकवलं.

आता मुद्द्याचं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावातून तालुक्याला सकाळी एकच एसटी जाते. अशा गावात सायन्सला नापास झालेल्या पोरापुढे खरे रस्ते दोनच: घरी राहून विषय काढायचा, नाहीतर आयटीआय. नागपूरला खोली करून क्लास लावणारेही असतात, त्यांचं वेगळं. मी दोन्ही केलं. आधी घरी बसलो, मग आयटीआय. हा क्रम उलटा हवा होता, असं मला वाटतं. तुमचं घर वेगळं असू शकतं.

घरी बसण्यात तसं काही वाईट दिसत नाही. एकच पेपर, खर्च फॉर्मपुरता. पहिली संधी जून-जुलैच्या पुरवणीत, दुसरी फेब्रुवारी-मार्चला. पुरवणी नेमकी पेरणी-डवरणीत येते. माझी गेली. दोष मी पावसाला देतो, बाबा मला देतात.

खरा त्रास त्याच्यापुढे सुरू झाला, आणि तो तीन शब्दांचा होता: "घरीच तं आहेस." रेशनला कोण जाईल? घरीच तं आहेस. काकाची ई-पीक पाहणी मोबाइलवर कोण भरून देईल? आत्याला दवाखान्यात कोण नेईल? कोणी वाईट बोलत नाही, कोणी टोमणा मारत नाही, आणि तिथंच पंचाईत होते. टोमण्यावर भांडता येतं. पुस्तक उघडं असलं तरी अभ्यास करणारा माणूस आमच्याकडे रिकामाच धरतात.

डिसेंबरातली एक रात्र अजून आठवते. आमच्या फीडरवर शेतीपंपाची लाईन काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. त्या आठवड्यात रात्रीची होती आणि हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. दर तीन तासांनी स्प्रिंकलरचे पाइप बदलायचे. गार पाण्यानं बोटं वाकत नव्हती. मधल्या वेळात बॅटरीच्या उजेडात मी इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंडक्शन वाचत होतो. दोनच्या सुमारास मोटर बंद पडली. स्टार्टरचं झाकण उघडून बाबा माझ्याकडे बघू लागले. "तू तं हेच शिकून राहिला ना?" मला फॅरेडेचा नियम पाठ होता. स्टार्टरमधली कुठली वायर कशासाठी आहे ते ठाऊक नव्हतं. आम्ही मुकाट्यानं घरी आलो.

मार्चमध्ये फिजिक्स निघालं, काठावर. मग आयटीआयचा ऑनलाइन अर्ज भरला तेव्हा कळलं, की इलेक्ट्रिशियनला प्रवेश दहावीच्या टक्क्यांवर होतो. म्हणजे मागच्या वर्षीही मी तेवढाच पात्र होतो. वर हेही कळलं, की दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला बोर्डाचे भाषेचे पेपर देऊन, आयटीआयचं क्रेडिट धरून, बारावीची समकक्षता घेता येते. फिजिक्सशिवाय! हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. कॉलेजात विचारलं असतं तर कदाचित सांगितलंही असतं, पण नापास झालेला पोरगा कॉलेजात जातो कुठं?

आयटीआय म्हणजे स्वर्ग नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये एका मल्टिमीटरवर सहा जण असायचे, आणि सायन्स सोडून इथं आलो याची लाज पहिले दोन महिने वाटायची. पण सकाळी खाकी पँट घालून एसटी धरली की घरचे म्हणायचे, "तो नाही, तो आयटीआयला गेला." एवढ्यासाठीसुद्धा मी तो पुन्हा लावीन. इलेक्ट्रिशियन, फिटर दोन वर्षांचे, वेल्डर एका वर्षाचा. पुढं अप्रेंटिस आहे. दोन वर्षांच्या ट्रेडवरून पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं.

पोलीस भरती डोक्यात असेल तर मात्र बारावी लागतेच, आणि ती लवकर हवी असेल तर घरी बसणं बरोबर ठरू शकतं. निदान कोणाच्या तरी शहरातल्या घरी बसा. फार्मसी किंवा बी.एस्सी.च करायचं पक्कं असेल तरी तेच.

ज्याचं ठरत नाही त्यानं पुरवणीचा फॉर्म भरावा आणि आयटीआयचाही. एक भरल्यानं दुसरा अडत नाही. फक्त आयटीआयचे विकल्प भरताना ट्रेडच्या आधी एसटीची वेळ बघा. आमची गाडी सात-दहाची. ती हुकली की मला घरी परत यावं लागायचं, आणि फाटकातच आई विचारायची, "आज घरीच आहेस का?"